निर्विकार बिस्किटं

माणसाने संशोधन करावं की करू नये याबद्दल विद्वानांत मतभेद असतील. पण ते घरच्या डब्यातून करू नये, याबद्दल सरासरी सरांच्या ओळखीपाळखीच्या सगळ्या लोकांचं आता एकमत आहे.

सरासरी सर हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. विद्यापीठाच्या मानसशास्त्र विभागात ते संख्याशास्त्र शिकवत. समोरचा वर्ग पेंगायला लागला की फळ्याकडे तोंड करून एकदम मोठ्या आवाजात ‘सरासरी’ म्हणत, त्यावरून ते नाव पडलं. आणि उंची, आवाज, चालण्याचा वेग, राग, लोभ अशा कुठल्याच बाबतीत सर टोकाला जात नसल्यामुळे ते टिकलंही. दुसऱ्यांच्या संशोधनातली आकडेमोड करून देण्यात त्यांची उमेद खर्ची पडली होती. त्यांनी आकडे जुळवून दिलेली माणसं कुठल्या कुठे गेली, त्यांच्यातलीच एक तर आता विभागप्रमुख होऊन त्यांच्या डोक्यावर बसली होती.

या प्रमुखबाईंनीच एक दिवस सरांना खोलीत बोलावलं. बढतीची समिती सत्राच्या शेवटी बसणार होती, आणि सरांच्या नावावर स्वतःचं म्हणावं असं एकही संशोधन नव्हतं. या खेपेला काही करून दाखवलं नाही, तर सर निवृत्तीपर्यंत आहेत तिथेच राहतील, असं बाईंनी अगदी हळुवारपणे सांगितलं. एके काळी ज्या मुलीच्या पेपरावर आपण ‘बरा प्रयत्न’ असा शेरा मारला, तिने आपल्याशी हळुवारपणे बोलावं हे सरांना जास्त लागलं.

विषय शोधायला मात्र त्यांना लांब जावं लागलं नाही. त्यांच्या खोलीच्या खिडकीतून कँटीन दिसायचं. निकालाच्या दिवशी नापास झालेली पोरं डोळे पुसत तिथे यायची आणि खायची. पास झालेली हसत यायची आणि खायची. ज्यांचा निकाल राखून ठेवलेला असायचा, ती काय करावं ते न सुचल्यामुळे खायची. सरांनी विषय पक्का केला : ‘विद्यापीठातील विद्यार्थ्यांची मनःस्थिती, जीवनसमाधान आणि भावनिक खाणे’. रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला.

“म्हणजे पोरं कंटाळली की खातात, हेच ना?” ती म्हणाली.

ते इतकं सोपं नाही, असं सरांनी तिला सांगितलं. ते इतकंच सोपं आहे हे कळायला त्यांना पूर्ण सत्र लागलं.

बातमी इमारतीत पसरायला वेळ लागला नाही, आणि सल्ल्यांना तर त्याहून कमी लागला. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त इंजिनिअरांचं म्हणणं पडलं की पोरांना खायला देऊच नये. आधी उपाशी ठेवावं आणि मग मनःस्थिती मोजावी, आकडे एकदम स्वच्छ येतात. शेजारच्या वहिनींचा भाचा कॉलेजात असताना म्हणे सारखा उदास असायचा. मग त्याचं लग्न झालं, आणि आता त्याला उदास व्हायला वेळच मिळत नाही. हे संशोधनात कुठे घालता येईल ते बघा, असं त्यांनी सरांना जिन्यात अडवून सांगितलं. सरांनी बघतो म्हटलं. त्यांना कोणालाच नाही म्हणता येत नसे, पण तो वेगळा विषय आहे.

प्रयोग तसा साधा होता. विद्यार्थ्याला विचारायचं, आत्ता कसं वाटतंय, दहापैकी किती? आयुष्याबद्दल समाधानी आहेस का, दहापैकी किती? मग त्याच्यासमोर खाण्याची बशी ठेवायची, त्याला अभ्यासक्रमातलं काहीतरी वाचायला द्यायचं, आणि तो किती खातो ते बघायचं. कागदावर याच्यात कुठे खोट दिसत नव्हती. पण माणसांवर प्रयोग करायचा तर विद्यापीठाच्या नीतिसमितीची परवानगी लागते, आणि तिथे सगळे प्रयोग एकाच छापील अर्जावर चालत. ‘प्रयोगानंतर प्राण्यांची विल्हेवाट कशी लावणार?’ असा एक रकाना होता. सरांनी प्रामाणिकपणे ‘ते वसतिगृहात परत जातील’ असं लिहिलं.

समितीचे अध्यक्ष वनस्पतिशास्त्राचे होते. त्यांनी बशीवर बोट ठेवलं. पदार्थ चविष्ट असेल तर पोरं चवीसाठी खातील, बेचव असेल तर टाकतील. मग यात भावना कुठून आल्या? तेव्हा ज्याने मनावर बरावाईट कसलाच परिणाम होत नाही असा पदार्थ आधी शोधा, तसं सिद्ध करा आणि मग या. एवढं बोलून समितीने सरांनी नमुन्यादाखल नेलेली क्रीमची बिस्किटं फस्त केली आणि बैठक संपली.

आता असा पदार्थ शोधणं म्हणजे काय दिव्य आहे, हे ज्याने शोधलाय त्यालाच कळेल. क्रीमच्या बिस्किटांनी पोरांचा मूड उसळी मारून वर गेला. खाऱ्या बिस्किटांनी त्यांना घराची आठवण यायला लागली. कोरड्या टोस्टवर कुलगुरूंना निवेदन गेलं. उकडलेला बटाटा तरी कोणाच्या अध्यात ना मध्यात असेल, असं सरांना वाटलं होतं. पण पहिल्याच घासाला एक मुलगी रडायला लागली, कारण वसतिगृहाच्या मेसमध्ये आठवडाभर तेच चाललं होतं. आलेखावरची रेष एकदा म्हणून सरळ जाईना. सरांना स्वतःला या दिवसांत सारखी भूक लागू लागली, पण ते प्रयोगात नसल्यामुळे त्याची नोंद झाली नाही.

मग एका दुपारी बटाटेही संपले आणि बाहेर पोरं ताटकळत उभी राहिली. सरांनी नाइलाजाने आपला डबा उघडला. बायको घरी बिस्किटं करायची आणि रोज डब्यात द्यायची. ती त्यांनी बशीत घातली. पोरांनी खाल्ली. आधीची मनःस्थिती आणि नंतरची मनःस्थिती सरांनी शेजारी शेजारी मांडली आणि चष्मा पुसून पुन्हा बघितली. रेष सरळ होती. वर नाही, खाली नाही. दुसऱ्या दिवशी दुसरी पोरं बसवली, तरी सरळ. कोणी नाक मुरडलं नाही, कोणी आणखी मागितलं नाही, कोणी अर्धं टाकलं नाही. एका मुलाला कसं लागलं म्हणून विचारलं, तर तो खूप विचार करून म्हणाला, “सर, लागलं.”

सर आनंदाने घरी धावत आले म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण चालण्याचा वेग सरासरीपेक्षा बराच जास्त होता. दारातच त्यांनी बायकोला सांगितलं की बाजारातले सगळे पदार्थ बाद झाले आणि तिची बिस्किटं तेवढी निवडली गेली.

“सगळ्यांतून?” तिने विचारलं.

“सगळ्यांतून. दुसरं काही तुझ्या जवळपाससुद्धा आलं नाही.”

यातला शब्दन् शब्द खरा होता. ती भिंतीला टेकून जरा वेळ उभीच राहिली. मुलगा नोकरीसाठी दूर गेल्यापासून ती घरात कामापुरतं बोलायची. गॅस संपलाय, दूधवाला आला नाही, एवढंच. त्या संध्याकाळी ती गुणगुणत होती. सर चपला काढता काढता थांबले. आपण काय सांगितलं आणि तिने काय ऐकलं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं. आता लगेच खुलासा करावा, असं त्यांच्या मनात आलंही. पण ती वळून म्हणाली, “पोरांना आणखी लागतील ना?” आणि सरांनी हो म्हटलं.

इथून पुढे प्रकरण सरांच्या हातात राहिलं नाही. नवा ओव्हन आला. इंजिनिअरांनी वरून खाली येजा करून त्यातली उष्णता कुठल्या कोपऱ्यात कमी पडते ते थर्मामीटर लावून शोधलं. शेजारच्या वहिनींनी लिंबाची साल किसून घाला म्हणून सुचवलं, आणि सर आयुष्यात पहिल्यांदा स्वयंपाकघरात आवाज चढवून बोलले. काहीही घालायचं नाही, कणभरसुद्धा बदल करायचा नाही, आहे ते आहे तसंच पाहिजे, असं त्यांनी बजावलं. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकी वर्षं हा माणूस पानावर बसून गुपचूप जेवून उठत होता आणि याला आपल्या हातची इतकी किंमत होती, असं ती नंतर वहिनींना म्हणाली. वहिनींनी ते सरांना सांगितलं. सरांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मग थोड्या वेळाने गेलं, आणि जरा जास्तच गेलं.

नीतिसमितीने नमुना मागवला. क्रीमच्या बिस्किटांवर तुटून पडलेल्या याच समितीने बायकोच्या बिस्किटांपैकी एकेक घेतलं, खाल्लं, आणि बाकीची बशी बैठकभर तशीच राहिली. परवानगी एकमताने मिळाली. राहिलं विद्यापीठाची खरेदी सांभाळणारं भांडार. भांडारप्रमुखांच्या मते विभागाला खाद्यपदार्थ विकत घेता येत नव्हते, प्रयोगसाहित्य घेता येत होतं. तेव्हा बिस्किटं प्रयोगसाहित्य म्हणून चढवावी लागली. प्रयोगसाहित्याला आणखी दोन पुरवठादारांची दरपत्रकं लागत, म्हणून वहिनींनी आणि इंजिनिअरांनी आपण कधीच न केलेल्या बिस्किटांची दरपत्रकं भरून दिली. आणि वापर झाल्यावर साहित्य मूळ स्थितीत भांडारात परत करायचं, ही अट तर होतीच. तिच्यावर वेगळा पत्रव्यवहार झाला, तो अजून चालू आहे.

प्रयोग मात्र सुरू झाला. उदास विद्यार्थ्यांना दोन बशा मिळतात अशी आवई उठल्यामुळे पहिल्या आठवड्यात अख्खं विद्यापीठ उदास निघालं. एकाने जीवनसमाधानाच्या प्रश्नावर हे अंतर्गत गुणांत धरणार का असं विचारून घेतलं आणि मगच समाधानी असल्याचं सांगितलं. सरांनी हे सगळं गाळलं, चाळलं, पुन्हा मोजलं. आणि आकड्यांतून हळूहळू काहीतरी दिसायला लागलं. ज्यांना आपलं बरं चाललंय असं वाटत होतं, ती पोरं एखादं बिस्किट खाऊन थांबायची. ज्यांना तसं वाटत नव्हतं, ती वाचता वाचता बशी संपवायची, आणि विचारलं तर त्यांना चव सांगता यायची नाही. मिळेल ते खायची, पण भूक म्हणून नव्हे. निष्कर्ष चांगला होता. बढतीच्या समितीसमोर मांडण्यासारखा होता. त्यात अडचण एवढीच की बिस्किटं निर्विकार आहेत, या पायावर तो उभा होता.

घरी बायको विचारायची, बशा रिकाम्या झाल्या का? सर सांगायचे, झाल्या. हेही खरंच होतं. तिने कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी बोलून डबे ठेवायचं ठरवलं. मग खालच्या रस्त्यावरचा एक छोटा गाळा बघून आली. समितीपुढचं सादरीकरण झालं की दुसऱ्याच दिवशी गाळ्याचं पक्कं करायचं होतं. एवढ्यात प्रमुखबाईंना कुठून तरी कळलं की संशोधनाचा खाऊ सरांच्या घरून येतो, आणि त्यांनी कौतुकाने बायकोला खास पाहुणी म्हणून आमंत्रण धाडलं. आमंत्रण बघून ती पोरीसारखी लाजली. सर आत जाऊन डब्यातली बिस्किटं खात बसले. डबा तळाला लागला तेव्हा आपण काय करतोय ते त्यांच्या लक्षात आलं, आणि त्यांनी झाकण लावून ठेवलं.

सादरीकरणाच्या दिवशी बायको ठेवणीतले कपडे घालून, दोन मोठे डबे घेऊन आली. सभागृहाच्या दाराशी चहाचं टेबल होतं. तिथे उभी राहून ती स्वतः एकेकाला बिस्किट देत होती. आपली बिस्किटं घराबाहेरची माणसं खाताना ती पहिल्यांदाच बघत होती. समितीवर बाहेरून आलेले एक तज्ज्ञ होते. त्यांनी एक घेतलं आणि कागद चाळत खाल्लं. तिने आणखी एक पुढे केलं, तर त्यांनी सभ्यपणे विचारलं, “आणखी? पहिलं कधी घेतलं मी?”

सर तेव्हा आत प्रोजेक्टरच्या वायरशी झटत होते, त्यामुळे हे त्यांना दिसलं नाही. ते उभे राहिले तेव्हा बायको पहिल्या रांगेत येऊन बसली होती, आणि तिच्या मागे वहिनी आणि इंजिनिअर. सरांनी निष्कर्ष मांडला. समाधानी गट, असमाधानी गट, बशी, आकडे, सगळं नीट झालं. बढतीच्या समितीतले लोक माना डोलावत होते. आणि मग तज्ज्ञांनी चष्मा वर करून विचारलं की याच पदार्थाची निवड कशाच्या आधारावर केली?

उत्तर पुढच्याच स्लाइडवर होतं. सरळ रेष, आणि तिच्याखाली ठळक अक्षरांत ‘परिणाम : शून्य’. एक बटण दाबायचं होतं. सरांनी पहिल्या रांगेकडे बघितलं.

“मुलांना ती फार आवडली,” ते म्हणाले. “सगळ्यांत जास्त.”

तज्ज्ञांनी शक्य तितक्या मवाळ शब्दांत सांगितलं की मग हे संशोधन उभंच राहत नाही. मुलांनी खाल्लं कारण चांगलं लागलं. यात मनाचा संबंध सिद्ध होत नाही. प्रमुखबाईंनी कपाळाला हात लावला. बढतीच्या समितीच्या अध्यक्षांनी पेनाचं टोपण बंद केलं. सर खाली बघून कागद गोळा करायला लागले. आता सारं संपलं होतं, आणि गंमत म्हणजे त्यांना जितकं वाईट वाटायला हवं होतं तितकं वाटत नव्हतं.

तेवढ्यात बायको उभी राहिली.

“हे खोटं बोलतायत,” ती म्हणाली. “त्यांना सवय नाही, म्हणून जमलं नाही. माझी बिस्किटं खाऊन कोणाला काही होत नाही. मी आत्ता दाराशी उभी राहून बघितलंय. सगळे खातात, आणि चेहरा आहे तसाच. यांना मी वर्षानुवर्षं देतेय. मला वाटायचं, दोष यांच्या चेहऱ्यात आहे.”

सभागृहात हशा पिकला. ती हसली नाही. खाली बसली आणि पर्स मांडीवर घट्ट धरून ठेवली. तज्ज्ञांनी बाहेरून एक बिस्किट मागवलं, डोळे मिटून लक्षपूर्वक खाल्लं, आणि काहीच वाटत नाही, अप्रतिम आहे, असं जाहीर केलं. सरांनी बटण दाबलं. सरळ रेष पडद्यावर आली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बढतीची शिफारस चहा गार व्हायच्या आत झाली. दोन विद्यापीठांनी तर बिस्किटांची कायमची मागणी नोंदवण्याची इच्छा दाखवली; इतका निर्विकार पदार्थ त्यांच्या पाहण्यात नव्हता.

घरी दोघं चालतच निघाली. वहिनी आणि इंजिनिअर शहाणपणाने मागे रेंगाळले. सरांनी एक डबा घेतला होता, दुसरा तिच्या हातात होता. आपण आधीच सांगायला हवं होतं, असं ते दोन-तीनदा वेगवेगळ्या शब्दांत म्हणाले. गाळ्यावरून गेली तेव्हा तिने मान वळवली नाही. पुढे गेल्यावर ती म्हणाली, “तुमचं ते भाषण मी नीट ऐकलं. समाधानी माणूस एक खाऊन थांबतो. दुसरा चव न कळता सगळं संपवतो.”

“हो. साधारण.”

“तुमचा डबा रोज रिकामा येतो,” ती म्हणाली. “मग तुम्ही कुठल्या गटातले?”

आयुष्यभर सरांनी लोकांना गटांत बसवलं होतं, पण हा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. एका माणसावरून निष्कर्ष काढता येत नाही, असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं.

“दुसऱ्या,” ते म्हणाले.

तिने मान हलवली. घरी आल्यावर तिने कपडेसुद्धा न बदलता ओव्हन लावला. कपाट उघडून जे हाताला लागेल ते पिठात घातलं. लिंबाची साल, मिरपूड, मीठ, कॉफी, काही म्हणजे काही मोजलं नाही. सर टेबलाशी बसून राहिले. बिस्किटं झाली तशी तिने त्यातलं एक बशीत घालून त्यांच्यापुढे ठेवलं, आणि त्यांच्या तोंडाकडे बघत उभी राहिली. सरांनी घास घेतला. चावला. सवयीने ‘बरं आहे’ म्हणायला गेले, पण त्यांचा चेहराच वाकडा झाला होता.

“फार खारट झालंय,” ते म्हणाले. “आणि कडू लागतंय. मला नाही आवडलं.”

तिने खुर्ची ओढली आणि त्यांच्या समोर येऊन बसली.

“अजून सांगा,” ती म्हणाली.